बेसबॉलच्या जागेचं पत्र आलं, आता काय तपासायचं?

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि शिक्षण

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. शालेय स्पर्धांत राज्याच्या संघातून दोनदा बेसबॉल खेळला. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा आहे, गरज पडली तर आउटफिल्डमध्ये, म्हणजे मागच्या सीमेजवळच्या भागातही उभा राहतो. अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका लहान ख्रिस्ती कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याचा व्हिडिओ पाहून ई-मेल केला आहे. जागा आहे म्हणतात, आणि ट्यूशन फीमध्ये साठ टक्के सवलत. कॉलेजात सगळे मिळून चारशेच्या आसपास विद्यार्थी आहेत. वेबसाइटवर हिरवंगार मैदान दिसतं आणि गेल्या मोसमात ३१ सामने जिंकल्याचं लिहिलं आहे. घरात दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, एवढ्याशा कॉलेजात जाऊन काय करणार? मुलगा म्हणतो, लहान आहे म्हणूनच खेळायला मिळेल. — एक पालक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : लहान असणं हा काही दोष नाही. पण लहान आहे म्हणून मैदानावर उतरायला मिळेल, हा मुलाचा हिशेबही कच्चा आहे. ते ३१ विजय तूर्त बाजूला ठेवा आणि रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी उघडा.

बहुतेक कॉलेजांच्या क्रीडा पानावर मागच्या मोसमांच्या याद्याही असतात. चार वर्षांपूर्वीची काढा. त्यात जे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे खेळाडू आहेत, त्यांची नावं वहीत उतरवून घ्या. मग पुढच्या प्रत्येक वर्षाच्या यादीत त्यातली किती टिकली ते पाहा. एका संध्याकाळचं काम आहे आणि या सगळ्या तपासात याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. पहिल्या वर्षी २४ मुलं आली आणि तिसऱ्या वर्षी त्यातली पाचच दिसली, तर बाकीची एकोणीस कुठे गेली हे प्रशिक्षकाला विचारायलाच हवं. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा आकडा भरगच्च दिसला तरी फसू नका. नावापुढे आधीच्या कॉलेजचं नाव असेल, तर तो मुलगा दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून (आपली अकरावी-बारावी नव्हे, पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज) थेट तिसऱ्या वर्षाला आलेला असतो. तुमच्या मुलाची स्पर्धा या एकवीस-बावीस वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलांशीच आहे.

एवढी मुलं येतात आणि जातात, याचं कारण बहुतेक वेळा मैदानावर सापडत नाही, ते कॉलेजच्या प्रवेश खात्यात असतं. चारशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा खर्च फीवर चालतो, आणि विद्यार्थी आणण्याचा सोपा रस्ता म्हणजे खेळ. कितीतरी लहान कॉलेजांत प्रशिक्षकाला ‘यंदा इतकी मुलं आणा’ असं सांगितलेलं असतं. मैदानावर एका वेळी नऊ जण, वर एक फलंदाजीपुरता. दौऱ्यावर नेतात पंचवीसच्या आसपास. यादीत मात्र पंचावन्न-साठ नावं. उरलेल्यांसाठी ‘ज्युनियर व्हर्सिटी’ नावाचा दुसरा संघ असतो. त्याचे सामने मोजके, आणि आयत्या वेळी रद्द होणारेही तेच. म्हणून ‘जागा आहे’ याचा अर्थ नेमका विचारा : कोणत्या संघात, दौऱ्याच्या यादीत किती पिचर, आणि या वर्षी नवे पिचर किती घेताय?

प्रशिक्षकाने दिलेला आकडा ताडून पाहता येतो. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या, मुलामुलींच्या प्रत्येक कॉलेजला खेळाडूंची संख्या, प्रशिक्षक आणि खेळावरचा खर्च दरवर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याला कळवावा लागतो. ‘इक्विटी इन अॅथलेटिक्स’ या नावाने ते सगळं इंटरनेटवर फुकट पाहता येतं. बेसबॉलमध्ये ६०, कॉलेजात ४००, म्हणजे दर सात विद्यार्थ्यांत एक बेसबॉलवाला. काही बायबल कॉलेजं सरकारी पैसा घेतच नाहीत, त्यामुळे तिथे ती सापडणार नाहीत. तेवढ्यावरून कॉलेज वाईट ठरत नाही. फक्त तपासाचं एक साधन कमी झालं, एवढं धरून चाला.

आता साठ टक्क्यांकडे. हे कॉलेज कॉलेज-खेळांच्या कोणत्या संघटनेत आहे ते आधी पाहा, कारण पैशाचे नियम तिथे ठरतात. लहान धार्मिक कॉलेजं मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात. एनएआयएमध्ये बेसबॉलला संपूर्ण संघ मिळून १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा आहे, ती तुकडे करून वाटतात आणि लहान कॉलेज तीही पुरी भरत नाही. एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी म्हणून एक डॉलरही देता येत नाही. तिसरी एनसीसीएए, १९६८ साली स्थापन झालेली ख्रिस्ती कॉलेजांची संघटना. तिच्या पहिल्या श्रेणीतली पुष्कळ कॉलेजं एनएआयएचीही सभासद असतात, दुसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नाही. बाराचे पन्नास वाटे केले तर सरासरी चतुर्थांश सुद्धा हाती येत नाही. मग साठ टक्के आले कुठून? बहुतेक ती कॉलेजची सर्वांनाच, गुण पाहून मिळणारी सवलत असते, आणि खेळाचा हिस्सा तिच्यात चिमूटभर. तसं असेल तर चांगलंच आहे, कारण गुणांवरची सवलत संघातून नाव गेलं तरी राहते. पत्रात प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा : गुणांची किती, खेळाची किती, दर वर्षी कोणत्या अटीवर चालू राहणार.

सवलत कशावर आहे तेही पाहा. समजा ट्यूशन फी २२,००० डॉलर, राहणं-जेवण ९,०००, बाकीच्या फी आणि विमा ४,०००. ट्यूशनवर साठ टक्के म्हणजे १३,२०० सुटले. भरायचे उरले २१,८००, आणि हे दर वर्षी, तेही फी वाढली नाही तर. एकूण ३५,००० वर हिशेब केला तर सवलत अडतीस टक्क्यांच्याही आत येते. अमेरिकी मुलांना मिळणारी केंद्र सरकारची मदत तुमच्या मुलाला मिळणार नाही, त्यामुळे ‘आमच्या मुलांना सरासरी इतकंच भरावं लागतं’ हा वेबसाइटवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

खेळाचा दर्जा विजयांच्या संख्येतून कळत नाही. वेळापत्रक उघडा आणि ३१ विजय कोणावर मिळवले ते पाहा. आपल्याहूनही लहान बायबल कॉलेजांना १८-२ असं धुतलेले दहा-बारा सामने वजा केले की खरा संघ दिसतो. मग आकडेवारीच्या पानावर पिचरांचा तक्ता. यादीत बावीस पिचर असतील आणि दहापेक्षा जास्त इनिंग टाकणारे आठच, तर बाकीचे चौदा वर्षभर सराव करून घरी गेले. संघाने दर नऊ इनिंगला किती वॉक दिले, म्हणजे चार चेंडू चुकीचे टाकून फलंदाजाला पहिला तळ फुकट दिला, तेही काढा. सहाच्या वर असतील तर पिचिंगचं शिकवणं कच्चं आहे, पण स्ट्राइक, म्हणजे नेमका चेंडू टाकणाऱ्या नवख्याला तिथे संधीही लवकर मिळते. दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि तुमच्या मुलाला कोणता लागू पडतो हे त्याच्या चेंडूवर ठरेल. फिल्डिंगची टक्केवारी .९४० च्या खाली असेल, तर त्याच्या चेंडूवर जमिनीलगत मारलेले सोपे फटकेही क्षेत्ररक्षकांच्या हातून सुटणार, याची तयारी ठेवा.

गतीबद्दल स्पष्ट सांगायचं तर एनएआयएच्या बऱ्या संघांतले उजव्या हाताचे पिचर साधारण ताशी ८२ ते ८७ मैल टाकतात, म्हणजे १३२ ते १४० किलोमीटर. अगदी लहान बायबल कॉलेजांत ७५ ते ८० मैलांवरही चेंडू हातात मिळतो. क्रिकेट अकादमीतली रडार गन घेऊन मोजा, पण मोजताना अंतर पूर्ण ६० फूट ६ इंच ठेवा आणि टेकाडावरून, म्हणजे दहा इंच उंच माऊंडवरून टाकायला लावा. सपाट जमिनीवर पळत येऊन फेकलेल्या चेंडूचा आकडा प्रशिक्षक मोजत नाहीत.

प्रशिक्षकाशी बोलताना त्याच्याआधी किती जण होते ते विचारा. सहा वर्षांत तीन मुख्य प्रशिक्षक बदलले असतील, तर आज शब्द देणारा माणूस तुमच्या मुलाच्या दुसऱ्या वर्षी तिथे नसेल. लहान कॉलेजात तोच गवत कापतो, तोच प्रवेशाचे अर्ज पाहतो, तोच गाडी चालवतो. त्यात कमीपणा नाही. पण गाडी कोणती हे विचारा. पंधरा आसनी व्हॅन पूर्ण भरली की उलटण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाने अनेकदा दिला आहे. सामने तर शेजारच्या राज्यांत, रात्रीचा प्रवास करून. भाड्याची बस आणि वेगळा चालक असेल, तर त्या कार्यक्रमाकडे थोडाफार पैसा आहे असं समजायला हरकत नाही.

मैदान कॉलेजचं स्वतःचं की गावच्या बागेतलं, हेही त्याच फोनवर. वेबसाइटवरचं हिरवं मैदान मे महिन्यातलं असतं. मोसम सुरू होतो फेब्रुवारीत, तेव्हा मध्य भागात बर्फ असतं. मग सराव होतो बंद दालनात, जाळीच्या आत. दालन किती मोठं, पिचरना माऊंड किती, जागा बास्केटबॉलशी वाटून घ्यावी लागते का? पहिले सामने दक्षिणेकडे जाऊन खेळतात. त्या दौऱ्याचा खर्च काही कॉलेजं मुलांकडून किंवा वर्गणी गोळा करायला लावून काढतात. ते डॉलर पत्रात कधी नसतात.

आणि आजोबांच्या शंकेचं खरं उत्तर इथे आहे : कॉलेज चार वर्षं उभं राहील का? अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ सालचं मेथडिस्ट परंपरेचं कॉलेज. त्याचा बेसबॉल संघ २०२४ मध्ये एनसीएए तिसऱ्या श्रेणीच्या वर्ल्ड सीरिजला पोहोचला. कॉलेज कायमचं बंद झालं ३१ मे रोजी, आणि त्याच दिवशी ओहायोत संघ स्पर्धेचा पहिला सामना खेळत होता. संघ चांगला होता, तिजोरी रिकामी होती. त्याआधी २०२३ मध्ये मिशिगनमधलं फिनलँडिया हे लुथरन विद्यापीठ असंच मिटलं. परदेशी मुलाला अशा वेळी दुसरं कॉलेज शोधून व्हिसाची नोंद तिकडे हलवावी लागते, तीही घाईघाईत.

तपासायला अमेरिकी शिक्षण खातं खाजगी कॉलेजांना आर्थिक स्थितीचे गुण देतं. ते उणे १ ते ३ या पट्टीवर असतात : १.५ किंवा वर असेल तर ठीक, १ ते १.५ मध्ये असेल तर नजरेखाली, १ च्या खाली असेल तर नापास. यादी थोडी जुनी असते, म्हणून तीन-चार वर्षांचे गुण ओळीने लिहून कल पाहा. ‘हाइटंड कॅश मॉनिटरिंग’ या, सरकारी मदतीच्या पैशावर जादा नजर ठेवलेल्या कॉलेजांच्या यादीत नाव असेल तर कारण विचारा. विद्यार्थी-संख्या मात्र ‘कॉलेज नॅव्हिगेटर’ या सरकारी पानावर बघा. पाच वर्षांत सहाशेवरून चारशेवर आली असेल तर प्रशिक्षकाच्या गोड ई-मेलचा अर्थ बदलतो. पहिल्या वर्षातले किती विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत येतात, ती टक्केवारीही तिथेच आहे.

मान्यतेचं राहिलं. बायबल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एबीएचई आणि ट्रॅक्स या दोन संस्था सरकारमान्य आहेत. पण जुन्या विभागीय संस्थांची मान्यता असलेली विद्यापीठं त्यांचे क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांचे अंक, नेहमी घेतातच असं नाही. दोन वर्षांनी कॉलेज बदलायचं ठरलं तर तीस-चाळीस क्रेडिट बुडू शकतात. जिथे पुढे जाता येईल अशा दोन विद्यापीठांना आत्ताच लिहून विचारा. आणि ‘आम्ही व्हिसासाठी फॉर्म देतो’ हा मान्यतेचा पुरावा नव्हे. मान्यता नसलेली संस्थाही, तिचे क्रेडिट स्वीकारणाऱ्या तीन मान्यताप्राप्त संस्थांची पत्रं दाखवून, तो परवाना मिळवू शकते.

प्रशिक्षकाशी व्हिडिओ कॉल ठेवाल तेव्हा मुलाला बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा. मध्य भागाशी उन्हाळ्यात साडेदहा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेअकरा. आपल्याकडे रात्री साडेआठ हा दोघांनाही सोयीचा वेळ. दुसरा कॉल संघातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूशी मागा, शक्यतो परदेशी मुलाशी, आणि त्याचं नाव तुम्ही रोस्टरमधून निवडा. प्रशिक्षकाने निवडून दिलेला मुलगा चांगलंच बोलणार.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. घरी मांसाहारही नाही. मुलाला अशा कॉलेजात प्रार्थनेला बसावं लागेल का? धर्माच्या बाबतीत काही लिहून द्यावं लागतं का? — एक आई, तिलक नगर, इंदूर

उत्तर : कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे त्यावर आहे. काही कॉलेजं श्रद्धेचं निवेदन मान्य असल्याची सही मागतात आणि अर्जासोबत चर्चच्या पाळकाचं शिफारसपत्रही. तिथे तुमच्या मुलाने खोटी सही करू नये, सरळ दुसरीकडे बघावं. दुसऱ्या प्रकारात प्राध्यापक ख्रिस्ती असावे लागतात, विद्यार्थी कोणत्याही धर्माचा चालतो, पण वागणुकीचे नियम सगळ्यांना सारखे. प्रवेश खात्याला एका ओळीत विचारा : ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश आहे का, आणि सध्या किती आहेत?

दोन्ही प्रकारांत चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा, बहुधा सक्तीची असते, आठवड्यातून दोन-तीनदा, हजेरीसह. गैरहजेरीला दंड किंवा सामन्यातून बाहेर बसणं, असे नियम असतात. तिथे बसावं लागतं. प्रार्थना म्हणायची सक्ती सहसा नसते. कॉलेजचं ‘स्टुडंट हँडबुक’ पीडीएफ मागवा आणि चॅपल, वागणूक आणि निलंबन ही तीन प्रकरणं मुलाला स्वतः वाचायला द्या. दारू-तंबाखू बंदी, वसतिगृहाची वेळ, मुलामुलींनी एकमेकांच्या खोलीत जाण्याचे नियम, सगळं तिथे आहे. पहिल्या वर्षी घरी पाठवली जाणारी मुलं खेळात कमी पडल्यापेक्षा या प्रकरणांत अडकलेली पुष्कळदा असतात.

अभ्यासक्रमाची बाब याहून मोठी, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पदवी साधारण १२० क्रेडिटची. अनेक बायबल कॉलेजांत विषय कोणताही असो, ३० च्या आसपास क्रेडिट बायबल आणि धर्मशास्त्राचे घ्यावेच लागतात. म्हणजे व्यवस्थापन शिकायला गेलेल्या मुलाचं एक पूर्ण वर्ष त्यात जातं. गुणपत्रिकेवरही ते दिसतं. त्याला ते वाचायला आवडणार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तो दोन सेमिस्टरनंतर कंटाळेल, आणि गुण घसरले की खेळण्याची पात्रताही जाते. पदवीनंतर अमेरिकेत अनुभवासाठी काम करायचं असेल तर मुभा १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला विषय असेल तरच आणखी २४. लहान धार्मिक कॉलेजांत त्या यादीतले विषय थोडेच असतात.

जेवणाचं : लहान कॉलेजात एकच भोजनगृह आणि मील प्लॅन सक्तीचा. शाकाहारी म्हणजे सॅलड, चीज पिझ्झा, पास्ता, बीन्स. बीन्समध्ये डुकराचं मांस घालण्याची पद्धत आहे, तेव्हा विचारूनच वाढून घ्यायचं. वसतिगृहाच्या खोलीत शेगडी चालत नाही, मायक्रोवेव्ह बहुतेक ठिकाणी चालतो. पोहे मायक्रोवेव्हमध्ये बरे होतात, फोडणीची चटणी इथूनच करून द्यावी. दौऱ्यावर मात्र बस थांबेल तिथलं बर्गरचं दुकान. दिवसाला जेवणाचे किती डॉलर हातात देतात, ते विचारून ठेवा.

रविवारी न खेळणारी कॉलेजंही आहेत. त्यांचे सामने शुक्रवार-शनिवारी, एका दिवशी दोन. अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या संस्था शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत खेळत नाहीत. याने बिघडत काही नाही. शुक्रवारची तासिका मात्र वारंवार बुडते, तेव्हा विषय निवडताना शुक्रवार मोकळा ठेवायचा.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज. थ्रो चांगला आहे. दोन वर्षांत बेसबॉल शिकून अशा कॉलेजात जाता येईल का? — एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : येईल, पण गोलंदाजीची गती सांगू नकोस. ती धाव घेऊन, कोपर सरळ ठेवून आलेली. पिचर एका जागी उभा राहून, कोपर वाकवून फेकतो. तुझा उपयोगाचा गुण म्हणजे सीमारेषेवरून येणारा थ्रो. २००८ साली भारतातल्या स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघंही भालाफेकीतून आले होते, आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. फेकणारा हात असेल तर दार उघडतं, एवढाच त्याचा अर्थ घे.

आधी आउटफिल्डर म्हणून तयारी कर. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, बेसबॉल १४२ ते १४९, म्हणून पहिल्या आठवड्यात चेंडू हलका वाटेल आणि तू जोर लावशील. तिथेच खांदा जातो. पहिले सहा आठवडे ६० फुटांपासून सुरू करून दर आठवड्याला पंधरा-वीस फूट वाढव, एक दिवस फेक, एक दिवस सुट्टी. पिचिंग सुरू केलंस की अमेरिकेतली ‘पिच स्मार्ट’ मर्यादा पाळ : १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसाला १०५ च्या वर चेंडू नाहीत, आणि ८१ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे स्पर्धा चार-पाच दिवसांत उरकतात आणि संघात पिचर एकच असतो, तेव्हा ही मर्यादा तुलाच सांभाळावी लागेल.

फलंदाजी हा खरा अडथळा. टप्पा पडत नाही आणि बॅट गोल, त्यामुळे कोन देऊन टोलवायची सवय मोडावी लागते. टीवर, म्हणजे कमरेएवढ्या उभ्या दांड्यावर ठेवलेल्या चेंडूवर रोज शंभर स्विंग, तीन महिने. बॅट बीबीकोर, म्हणजे कॉलेज बेसबॉलमध्ये चालणाऱ्या शिक्क्याची घे. तिच्यात इंचातली लांबी आणि औंसातलं वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे ३३ इंचीला ३० औंस तरी हवेत. हलक्या बॅटवर सराव करून तिकडे गेलेला पोरगा पहिल्या महिन्यात उशिरा फिरवतो.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, गाणं न लावता. सुरुवातीला नाव, उंची, वजन, कोणत्या हाताचा, बारावी कधी. मग ६० यार्डांची धाव, म्हणजे ५४.८६ मीटर टेपने मोजून, घड्याळ दिसेल असं. ७ सेकंदांच्या आसपास असेल तर पुढचं बघतात. मग आउटफिल्डमधून पाच-सहा थ्रो, मग फलंदाजी बाजूने आणि मागून. चुकलेला थ्रो कापू नकोस. सगळेच अचूक दिसले की निवडून जोडलेत हे कळतं.

प्रश्न : कोपर किंवा खांदा दुखावला तर खर्च कोण करतं? शिष्यवृत्ती जाते का? — एक पालक, महू

उत्तर : परदेशी विद्यार्थ्याचा विमा कॉलेज सक्तीने घ्यायला लावतं, पण अशा बऱ्याच पॉलिसींत ‘आंतरमहाविद्यालयीन खेळातली दुखापत’ वगळलेली असते. कॉलेजचा खेळाडूंसाठीचा विमा बहुधा दुय्यम असतो : आधी तुमचा विमा देणार, मग उरलेलं तो. तुमचा विमा ती दुखापत मानतच नसेल, तर दुय्यम विमा पहिल्या डॉलरपासून पैसे देतो का, हे लेखी विचारा. ‘आमचा विमा आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, पॉलिसीचं पान मागा. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट फाटून शस्त्रक्रिया झाली, तर पिचरला मैदानात परतायला वर्षभर तरी लागतं.

खेळाची शिष्यवृत्ती बहुधा एका वर्षाची असते, पुढे वाढवायची की नाही ते कॉलेज ठरवतं. दुखापतीच्या वर्षी ती चालू राहील का, हे वाक्य पत्रात घालून घ्या. संघासोबत प्रमाणित अॅथलेटिक ट्रेनर पूर्ण वेळ आहे की साऱ्या खेळांत मिळून एक, तेही विचारा.

दुखापत झालेला मुलगा बहुतेक वेळा वर्ग सोडायला जातो, आणि तिथे मोठी चूक होते. सेमिस्टरला १२ क्रेडिटच्या खाली गेला की खेळण्याची पात्रता जातेच, एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाही अडचणीत येतो. वैद्यकीय कारणाने कमी क्रेडिट घेता येतात, पण विषय सोडण्याच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची परवानगी नोंदवून घ्यावी लागते. नंतर घेतलेली चालत नाही.

आणखी एक खर्च, जो कोणी सांगत नाही : शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा भाग अमेरिकेत करपात्र आहे आणि एफ-१ विद्यार्थ्याकडून त्यावर १४ टक्के कापून घेतात. भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या कलमाने भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून वर्षाअखेर विवरणपत्र भरलं की बरंच परत येतं. न भरणाऱ्याचं तिथेच राहतं.

प्रश्न : व्हिसाच्या मुलाखतीत बेसबॉलचं सांगावं का? — राजेंद्र नगरचेच पालक

उत्तर : विचारलं तर सांगावं, सुरुवात त्याने करू नये. अधिकाऱ्याला विद्यार्थी दिसला पाहिजे : विषय कोणता, हेच कॉलेज का, पैसे कुठून, शिकून पुढे काय. ‘प्रशिक्षकांनी बोलावलं’ हे एकच उत्तर असेल तर कलम २१४(ब), म्हणजे शिकून परत येण्याचा हेतू पटला नाही, या कारणाखाली नकार ठरलेला. विषयांची नावं मुलाला तोंडपाठ हवीत.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवरची सुरुवातीची तारीख नीट पाहा. तिच्या ३० दिवस आधीपासूनच प्रवेश मिळतो. संघाची शरद ऋतूतली चाचणी ऑगस्टअखेर सुरू होते आणि वसंतातला संघ जवळजवळ तिथेच ठरतो. व्हिसा उशिरा झाला आणि मुलगा सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचला, तर कागदावर जागा असूनही तो शेवटच्या रांगेत उभा राहतो. म्हणून आय-२० आल्याच्या आठवड्यातच ३५० डॉलरचं सेविस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क भरून तारीख घ्या. मुंबईत काम दोन वेगळ्या ठिकाणी आहे, आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग वकिलातीत मुलाखत. दोन्ही एका दिवशी मिळतील असं धरून अवंतिकाचं परतीचं तिकीट काढू नका.